वालीचा प्रश्न आणि वाडीतलं डुक्कर

परसात आलेला प्राणी हा पाहुणा असतो आणि पाहुण्याला मारून खाणं हा रानटीपणाचा कळस, असं आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी जाहीर व्याख्यानात सांगितलं आणि भरपूर टाळ्या घेतल्या. स्नेही पुण्यात सातव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या गॅलरीत येणारा पाहुणा म्हणजे पारवा, आणि त्याच्या स्वागताला त्यांनी नायलॉनची जाळी बसवली आहे. व्याख्यानानंतरच्या जेवणात त्यांनी मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला. तिथे मी गप्प बसलो. दिवाळी अंकात पानं मिळणार होती.

पाहुणे कोण ते आधी सांगतो, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नाहीत. कोकणातल्या कुठल्याही वाडीत रात्री रानडुक्कर येतं. ते फणसाखाली पडलेले गरे खातं तोवर कुणाची तक्रार नसते. पण मग ते सुरणाचं आळं उकरतं, रताळ्यांचा वाफा नांगरल्यासारखा उलथतं. साळिंदराचं काम जास्त नेमकं. माडाचं रोप दोन वर्षांचं झालं की ते बुंध्याशी बसून कुरतडत आतल्या कोवळ्या गाभ्यापर्यंत पोचतं, तेवढाच खातं आणि जातं. सकाळी रोप उभंच दिसतं. हात लावला की आडवं होतं, आणि शेजारी एखादा काळापांढरा काटा पडलेला असतो. दिवसा केल्डी, म्हणजे माकडं, येतात. शहाळं तोडायचं, एक चावा घ्यायचा, खाली टाकायचं, पुढचं तोडायचं. त्यांना हाकलायला रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बागायतदार नेपाळी राखणदार ठेवतात, हातात गलोल देऊन. हापूसच्या पेटीची किंमत विचारताना तो पगारही आठवावा.

आता कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, पण पूर्ण नाही. कलम 11 प्रमाणे माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्याच्या परवानगीने काही प्राणी मारता येतात. म्हणजे मारणं मुळातच अधर्म आहे असं कायदाही म्हणत नाही. पुढे कलम 39 येतं: असा मारलेला प्राणी सरकारच्या मालकीचा. जिवंत असताना तुमचा सुरण खाणाऱ्या डुकराची भरपाई मागायला गेलात तर सरकार कागद मागतं. ते मेल्याबरोबर मात्र सरकार त्याचं मालक होतं. मग पंचनामा, मग खड्डा. केरळात 2022 पासून पंचायत अध्यक्षांना डुक्कर मारण्याचा हुकूम देता येतो, पण मांस कुणी खाऊ नये म्हणून धूड रॉकेल ओतून पुरायची पद्धत पडली. चांगलं अन्न नासवण्यासाठी सरकारी खर्चाने रॉकेल ओतायचं, याला दयाबुद्धी म्हणायला माझी जीभ वळत नाही. मारणं चालतं, खाणं चालत नाही, हा विचार ना बुद्धाचा ना शिकाऱ्याचा. तो कारकुनाचा आहे.

इथे मला माधव गाडगीळ हवे आहेत. पश्चिम घाटाच्या 2011 च्या अहवालामुळे लोक त्यांना निसर्गाचे कैवारी म्हणून ओळखतात. त्याच गाडगिळांनी हा कायदा मोडीत काढा, अभयारण्यांबाहेर शिकारीला परवानगी द्या, असं उघडपणे मांडलं, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांना फेफरं आलं. स्वीडन-नॉर्वेत मूस हरणाची शिकार गावोगावच्या टोळ्या ठरलेल्या हंगामात करतात, मांस वाटून घेतात आणि मूस संपत नाही, हा त्यांचा दाखला. पण मला त्यांचं त्याहून जुनं काम जास्त मोलाचं वाटतं. कैलाश मल्होत्रा या मानववंशशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांची शिकार अभ्यासली होती. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि पाखरं धरत. वैदू सापळ्यांनी मुंगूस, रानमांजर असे लहान मांसाहारी प्राणी धरत. तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने डुक्कर, साळिंदर, घोरपड मारत. एकाच माळावर तिघे, पण एकाचं भक्ष्य दुसऱ्याचं नव्हे, आणि साधनंही वेगळी. ज्याचं पोट ठरावीक प्राण्यांवर अवलंबून आहे, त्याला ते प्राणी पुढच्या वर्षीही लागतात. आमच्या स्नेह्यांना पारव्याची अशी गरज कधी पडलेली नाही.

एवढ्यावर माझा लेख संपायला हवा होता: खाऊ द्या, प्रश्न मिटेल. 2025 मध्ये केरळच्या कृषिमंत्र्यांनीही जवळजवळ हेच म्हटलं: लोकांना डुकराचं मांस खायची मुभा द्या, उपद्रव झपाट्याने संपेल. माझ्या बाजूचा माणूस मंत्री निघाल्यावर मी जरा थबकलो. कारण मंत्र्यांना डुक्कर संपायला हवं होतं आणि गाडगिळांना ते टिकायला हवं होतं. दोघेही खाण्याच्याच बाजूचे, पण एकाच पंगतीत बसवता येणार नाहीत असे.

या पेचात मला नेहमी वाली आठवतो. आडून मारलेल्या बाणाने कोसळलेला वाली वाल्मीकी रामायणात रामाशी जो वाद घालतो, तो आमच्या कीर्तनकारांनी भावाच्या बायकोपुरता ठेवला आहे. मूळ किष्किंधाकांडात वालीचा एक मुद्दा थेट स्वयंपाकघरातला आहे. पाच नखं असलेल्या प्राण्यांपैकी पाचच खाण्याजोगे मानले आहेत, असं तो म्हणतो: ससा, घोरपड, कासव आणि काट्यांचे दोन प्राणी. वानर त्यांत नाही. माझं कातडं पांघरता येत नाही, मांस खाता येत नाही, मग मला मारलंस कशासाठी? रामाची उत्तरं दोन. तू अधर्म केलास म्हणून राजाने दिलेली ही शिक्षा. आणि तू शाखामृग आहेस. माणसं मांसासाठी जाळी, फासे, सापळे लावून, लपून जनावरं मारतात, त्यात दोष नाही. एकदा आरोपी, एकदा जनावर. न खाल्ल्या जाणाऱ्या मांसाचा मुद्दा मात्र तसाच राहतो. मोठमोठ्या टीकाकारांनी या सर्गावर शाई ओतली आहे, पण मला वालीचा युक्तिवाद तिथे जिंकलेला दिसतो.

त्याच पाच नखांच्या नियमाचं मीमांसकांनी जे केलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. हा नियम खाण्याची आज्ञा नाही, असं ते म्हणतात. खायला भूक सांगतेच, शास्त्र कशाला लागतं? नियमाचा सगळा जोर बाकीच्यांवरच्या बंदीवर आहे. याला त्यांनी परिसंख्या असं नाव दिलं. परवानगी वाटते ती खरं तर कुंपण असते. शिकारीचा परवाना लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी मीमांसेचा हा एवढा एक धडा सक्तीने शिकवीन.

पण माझ्या 'खाऊ द्या'ला पहिलं भगदाड वाडीतच पडतं: तिथला सर्वांत मोठा शत्रू केल्डं आहे, आणि ते कुणीच खात नाही. उत्तरेतलं लाल माकड वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीत संरक्षित प्राण्यांच्या यादीतून गेलं. आपलं दक्षिणी माकड पहिल्या अनुसूचीत बसलं. म्हणून ते पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडायचं, म्हणजे दुसऱ्या गावच्या वाडीत. हिमाचलात सिमला शहरापुरतं माकड 2016 मध्ये उपद्रवी ठरवलं, मारायला सरकारने हो म्हटलं, तरी फारसं कुणी पुढे आलं नाही. मारुतीला नमस्कार करून त्याच्या गणगोतावर बंदूक कोण धरणार? गांधींची तयारी होती. 1946 मध्ये त्यांनी 'हरिजन'मध्ये लिहिलं की शेती करायची तर पीक खाणारी माकडं, पाखरं, किडे मारावे लागतील, शक्य तितक्या कमी हिंसेने. हिंसा नाकारून अन्न मागण्याइतके ते भोळे नव्हते. पण खाण्यासाठी मारण्याचा विचार गांधींच्या कामाचा नव्हता, आणि माझा सगळा डोलारा खाण्यावर उभा आहे. केल्ड्यापाशी तो कोसळतो.

दुसरं भगदाड फासकीचं. रामाने उल्लेखलेला फास आज मोटारसायकलच्या ब्रेकची केबल आहे. डुकराच्या वाटेवर लावतात, आणि त्यात बिबट्या अडकतो. नेम धरणारी बंदूक निदान पाहून मारते. फासकी कुणालाही धरते. पिठात लपवलेला गावठी बॉम्ब तर जबडाच फोडतो, आणि जनावर दोन दिवस तडफडत हिंडतं. ही कामं खाणारे क्वचित करतात, विकणारे हमखास करतात. गावच्या पारधीत मांसाचे वाटे पानांवर पडत, कुत्र्यालाही वाटा मिळे. दोन डुकरं झाली की बास, कारण तिसरं ठेवायला जागा नव्हती. आता डीप फ्रीज आहे, हायवेवरचा ढाबा आहे, आणि 'स्पेशल' मागणारं गिऱ्हाईक मुंबईहून येतं. आणि हे उपदेशाने थांबत नाही: गोव्यात घुमट या वाद्यावर घोरपडीचं कातडं मढवणं बंद झालं ते वादकांचं मन पालटलं म्हणून नव्हे. कायद्याचा धाक होता आणि बोकडाचं कातडं हाताशी होतं.

म्हणून माझी मागणी आता 'खाऊ द्या' एवढीच राहिलेली नाही. डुक्कर खाऊ द्या, पण फक्त डुक्कर. साळिंदर नको, घोरपड नको, ससाही नको, जरी वालीने त्यांना हिरवा कंदील दाखवला असला तरी. शेतीसंरक्षण परवान्याच्या बंदुकीने मारलेलं, ग्रामसभेने मोजलेलं, गावाच्या शिवेआत वाटलेलं आणि एक किलोही विकलं न गेलेलं. शिवेबाहेर गेलेलं मांस गुन्हा, गावात सापडलेली फासकी गावाचा गुन्हा.

यावर सर्वांत खरी हरकत आमच्या स्नेह्यांची नाही. ती अशी की शेतीसंरक्षणाचा परवाना मिळतो सातबारा असलेल्याला. वाडी राखणारा नेपाळी, रायगडातला कातकरी, माळावरचा पारधी यांच्या नावावर जमीनच नाही. शिकार सर्वांत चांगली समजते त्यांनाच, आणि कातकऱ्याच्या हाती ससा दिसला की तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंडाची धमकी पहिल्यांदा मिळते ती त्यालाच. गावाने वाटे घातले तर त्याचं पान त्यात असेल का, हे मला गाडगिळांना विचारायचं होतं.