हौशाचं देणं

जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे येतात म्हणतात. त्यांतल्या हौशाविषयी आपला एक सोयीस्कर समज असतो: तो हौसेनं आला, आनंद मिळाला, हीच त्याची बिदागी, कुणी त्याचं आणखी काही देणं लागत नाही. गीतेतल्या फलत्यागाचा आधार दिला की हा समज चांगलाच भारदस्त दिसतो. पण फळाची आशा न धरता केलेल्या कामाचं मोल करायला बाकीचे बांधील नसतात का? या प्रश्नासाठी व्हिडिओ गेमच्या दुनियेतलं एक उदाहरण फार उपयोगी आहे.

सोनी कंपनीनं १९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये युरोप-अमेरिकेत 'नेट यारोझे' नावाचा काळ्या रंगाचा प्लेस्टेशन विकायला काढला. 'यारोझे' म्हणजे 'चला, करूया!' घरबसल्या गेम लिहू पाहणाऱ्यांसाठी हा संच होता. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ७५० डॉलर होती, आणि त्याच वर्षी साधा प्लेस्टेशन १४९ डॉलरना मिळत होता. म्हणजे ही हौस स्वस्त नव्हती. शिवाय बंधन असं, की अख्खा गेम २ मेगाबाइट मेमरीत बसवायचा. दुकानातले गेम खेळता खेळता सीडीवरून हवं ते उचलत. इथे ती मुभा नव्हती. तयार झालेला गेम साध्या प्लेस्टेशनवर थेट चालतही नसे. सामान्य खेळाडूपर्यंत पोचायची मोठी वाट एकच, मासिकासोबत मिळणारी डिस्क. ब्रिटनमधल्या अधिकृत प्लेस्टेशन मासिकानं ही वाट खुली केली, हे त्याचं श्रेय निर्विवाद. मात्र तिथे या गेमचं स्थान भेटवस्तूचं होतं. कसून परीक्षण व्हायचं ते विकाऊ गेमचं. हौशांच्या वाट्याला आलं ते कौतुक.

कौतुक आणि परीक्षण यांत फरक आहे. कौतुक आपण पाहुण्यांसमोर कविता म्हणणाऱ्या पोराचं करतो. परीक्षण बरोबरीच्या माणसाचं. फळाची आशा सोडणं ही करणाऱ्याची साधना आहे, आणि ती त्यानं स्वतः करायची असते. दुसऱ्यानं ती त्याच्यावर लादली की तिला साधना म्हणता येत नाही, ती चुकवेगिरी ठरते. दात्यानं परतफेडीची अपेक्षा ठेवू नये, हे खरं. म्हणून घेणाऱ्यानं दान उघडून पाहूच नये, असं थोडंच आहे?

यावर पहिला आक्षेप असा, की परीक्षण म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला सल्ला. जे विकत घ्यायचं नाही त्याचं परीक्षण कशाला? पण मग वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची समीक्षा वाचण्यात काही अर्थच उरणार नाही. पैसे वाचवण्यापलीकडे वाचकाला हेही कळायला हवं असतं, की ही कल्पना कुठे साधली आणि कुठे फसली. जागेच्या आणि जाहिरातींच्या अडचणी मासिकाला असतात. त्या मान्य करून पुढे जाऊ. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मोठ्या चमूनं बनवलेल्या गेमशेजारी एकट्यादुकट्याचं काम ठेवून त्याला दहापैकी तीन गुण देणं हा न्याय नव्हे, क्रौर्य आहे. हे मला पटतं. सगळ्यांना एकाच आकड्यानं मोजणं अन्यायाचंच. पण त्यावरचा उपाय मौन नाही. दोन मेगाबाइटच्या आत कुणी काय साधलं, हे त्या मर्यादेच्या हिशेबानं सांगता येतं. तसं सांगायला जास्त जाण लागते, आणि बहुधा टाळाटाळ तिथेच होते.

'डेव्हिल डाइस' हा फाशांचा गेम मुळात यारोझेवर जन्मला. पुढे तो वाढवला, सजवला गेला आणि सोनीनं १९९८ मध्ये जपानात विकायला काढला. मग मासिकांनी त्याचं रीतसर परीक्षण केलं, गुण दिले. फासे उलटवून त्यांचे आकडे जुळवायची मूळ कल्पना मात्र तीच होती.