नित्यकर्म आणि सैल बोल्ट

ज्या कर्माने नवे काही हाती लागत नाही, केवळ असलेले टिकते, त्या कर्माला धर्मात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न पूर्वमीमांसेने बारकाईने हाताळला आहे. तिने कर्माचे वर्ग पाडले ते असे: विशिष्ट फळाच्या इच्छेने केले जाते ते काम्य, ग्रहणासारखा प्रसंग उद्भवला म्हणून केले जाते ते नैमित्तिक, आणि संध्यावंदनासारखे जे रोज करायचे, ज्याचे वेगळे फळ सांगितलेले नाही, पण जे टाळल्यास प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो ते नित्य. जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचा सैल झालेला बोल्ट आवळणे हे या तिसऱ्या वर्गाच्या अगदी जवळचे काम आहे, कारण बोल्ट आवळल्याने गाडीचा वेग वाढत नाही की पेट्रोल वाचत नाही. गाडी काल धावत होती तशीच आज धावते, आणि न आवळल्यास मात्र हानी होते.

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे गाव प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या ऊसपट्ट्यात आहे. या पट्ट्यात मोटारसायकल हे केवळ जाण्या-येण्याचे साधन नसून ओझ्याचेही वाहन आहे. तिच्यावरून दुधाच्या किटल्या, घासाचे भारे आणि खताच्या गोण्या जातात, आणि संध्याकाळी त्याच गाडीवर मागे घरची माणसे बसतात. राजदूत, बुलेट किंवा १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० यांसारख्या गाड्या अशा कामाला वर्षानुवर्षे जुंपल्या गेल्या की, इंजिन ज्या लांब बोल्टांनी चासीला जखडलेले असते, आणि ज्यांना मेकॅनिक फाउंडेशन बोल्ट म्हणतात, ते हळूहळू सैल पडू लागतात.

बोल्ट धरून ठेवतो तो केवळ आट्यांच्या जोरावर नव्हे. नट आवळला की बोल्टाचा दांडा अत्यंत सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो, आणि तो पूर्ववत होऊ पाहतो म्हणूनच इंजिन व चासी एकमेकांवर घट्ट दाबली जातात. जोडलेले भाग बोल्टाच्या आडव्या दिशेने एकमेकांवर पुन्हा पुन्हा सरकू लागले, तर आट्यांमधील घर्षणाची पकड सुटते आणि नट आपोआप उलटा फिरतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. ताण गेला की पूर्वी दाबलेल्या सांध्याने पेललेले धक्के थेट बोल्टाला बसतात, भोक लांबट होते, शेजारच्या बोल्टांवर भार वाढतो आणि शेवटी एखादा बोल्ट थकून तुटतो.

नित्यकर्म टाळल्याने दोष लागतो या मतावरचा शंकराचार्यांचा आक्षेप येथेच आठवावा लागतो. तैत्तिरीयोपनिषदावरील भाष्याच्या आरंभी आणि गीताभाष्यातही त्यांनी विचारले आहे की, न करणे हा अभाव आहे, तर अभावातून प्रत्यवायासारखी भावरूप वस्तू कशी उत्पन्न होईल? नित्यकर्म न घडणे हे दोषाचे कारण नसून आधीच साचलेल्या दुरिताचे लक्षण आहे, असा त्यांचा निर्वाळा आहे. बोल्टाच्या बाबतीत हे म्हणणे निम्मे तरी खरे ठरते, कारण बोल्ट दुर्लक्षाने तुटत नाही, कंपनाने तुटतो. नैयायिकांनी मात्र अभावालाही कारणत्व दिले: कार्याला अडवणारा प्रतिबंधक नसणे हाही कारणसामग्रीचा भाग आहे, असे ते मानतात. या दृष्टीने बोल्टातील ताण हा तुटण्याचा प्रतिबंधक आहे, आणि त्याचे नसणे कारणांतून वगळता येत नाही. जबाबदारीचा विचार करायचा तर नैयायिकांची बाजू अधिक सबळ आहे. पण या वादात एक गोष्ट सहज निसटते: चालू गाडीच्या बाबतीत निव्वळ ‘न करणे’ असे काही नसतेच. बोल्ट सैल आहे हे ठाऊक असून जो रोज सकाळी किक मारतो, तो अभावात बसलेला नाही. तो कर्म करतो आहे, आणि त्याचा दोष त्याच कर्मातून येतो. संध्येला वेदाची आज्ञा आहे, बोल्टाला नाही, हे खरे. पण मागच्या सीटवर बसलेल्याने टाकलेला विश्वास हा कोणत्याही विधीपेक्षा कमी बंधनकारक मानता येत नाही.

१९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकात रॉबर्ट पर्सिग यांनी, ज्यांनी काही काळ बनारस हिंदू विश्वविद्यालयात भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, घट्ट अडकलेल्या स्क्रूपुढे कुंठित झालेल्या मनाचा विचार केला आहे. सैल बोल्टाची परीक्षा त्याहून कठीण आहे, कारण अडकलेला स्क्रू माणसाला थांबवतो आणि सैल बोल्ट थांबवत नाही. त्याच्या खुणा मुद्दाम पाहाव्या लागतात: वॉशरच्या कडेने तांबूस पूड दिसते, जी गंजासारखी भासली तरी दोन धातू एकमेकांवर घासल्याने पडलेली असते, आणि वॉशर काढला की खाली घासून चकचकीत झालेले कडे आढळते.

दुसरा दोष अति आवळण्याचा आहे. परिणाम, नुकसान, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच बोल्टाला ताणण्यात लागतो आणि उरलेला घर्षणात जातो. म्हणून आट्यांना तेल लागलेले असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी अधिक ताणला जातो, आणि तो ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसणारा असेल तर मऊ धातूचे आटेच निघून येतात. पान्याच्या दांड्याला पाइप लावून जोर करणारा हात येथे बोल्टाची नव्हे, स्वतःच्या भीतीची समजूत घालत असतो.

याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माच्या फुलांनी केलेली पूजा सर्वात्मक ईश्वराला अपार संतोष देते, असे प्रतिपादन आहे. त्या अर्थाने पाहता खंडेनवमीला वाहनाला घातलेला झेंडूचा हार ही नैमित्तिक पूजा आहे, आणि ती हवीच. परंतु ती नित्यपूजेची जागा घेऊ शकत नाही. ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी इंजिन थंड असताना फाउंडेशन बोल्ट तपासावेत, आटे साफ करावेत, थकलेला नट व स्प्रिंग वॉशर बदलावा, आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळून तेथे हात थांबवावा.