बाद झालेला गडी

२०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्याच मोसमात पुणेरी पलटण आठ संघांत तळाला राहिली. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत तिनेच हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून करंडक उचलला. मग पहिल्या वर्षी घाम गाळणाऱ्यांचं फळ गेलं कुठे? गीता फळाची आस सोडायला सांगते. पण नरडाणा गावाच्या मैदानात मांडीवर थाप मारून चढाईला निघालेल्या पोराला मी तसं कसं सांगू? गुण हवाच असतो त्याला! ज्याचं कर्म त्यालाच, असं गाव म्हणतं. मला पटत नाही. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, स्वतःच्या बळावर उठत नाही. सोबत्याने समोरचा गडी टिपला, की हा परत आत येतो. हैदराबादेतल्या त्या रात्री पलटणीचे पहिले गडीही उठले, असं मी मानतो.