वाया गेलेली वाफ आणि अनर्थदंड

अन्न तयार करताना जे जळते, त्याची नैतिक जबाबदारी किती आणि कोणाची? हा प्रश्न आज हवामानबदलामुळे ऐरणीवर आला असला, तरी भारतीय धर्मविचाराला तो परका नाही. स्मृतिग्रंथांनी गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली, त्यांत जाते, उखळ, केरसुणी आणि पाण्याचा घडा यांच्याबरोबर चूलही आहे. जैन आचारशास्त्राने हा विचार अधिक नेमका केला. गृहस्थाला हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही हे मान्य करून त्याने तिचे चार प्रकार पाडले : ठरवून केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, व्यवसायात घडणारी उद्योगी आणि संरक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. पहिली सर्वस्वी वर्ज्य. उरलेल्या तिन्ही शक्य तितक्या कमी करायच्या. याशिवाय अनर्थदंडविरती हे स्वतंत्र व्रत सांगितले. जिच्यातून काहीच साधत नाही अशी हानी करायची नाही, हे त्याचे सार. जैन आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात अशा निष्फळ कृतींमध्ये जमीन खणणे, पाणी वाया घालवणे, झाडे तोडणे यांच्या जोडीला विनाकारण अग्नी पेटवणेही मोजले आहे. अन्नप्रक्रिया कारखान्यांतील ऊर्जाबचतीचा खरा नैतिक पाया मला या व्रतात दिसतो.

कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तेव्हा साखरेचेच उदाहरण घेऊ. साखर करणे म्हणजे मुख्यतः उसाच्या रसातले पाणी काढणे. रसात विरघळलेले घन पदार्थ साधारण १५ टक्के असतात आणि पाक ६० टक्क्यांच्या घरात न्यावा लागतो. म्हणजे १०० किलो रसातून ७५ किलो पाणी उडवायचे. एक किलो पाणी उकळबिंदूपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या कित्येक पट, सुमारे २,२६० किलोज्यूल, त्याची वाफ करायला लागते. उघड्या काहिलीत ही सगळी उष्णता वाफेबरोबर हवेत जाते. बंद भांड्यांची साखळी केली, तर पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्यातला रस उकळते. दुसऱ्यात दाब कमी ठेवलेला असल्याने तो कमी तापमानालाच उकळतो, आणि त्याची वाफ तिसऱ्याला पुरते. चार भांडी असली, तर बॉयलरच्या एक किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडते. पदार्थ तोच आणि पाणीही तेवढेच. जळण मात्र कितीतरी कमी.

ही साखळी नॉर्बर्ट रिलियू या न्यू ऑर्लिअन्समध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय वंशाच्या अभियंत्याने बसवली; तिचे पेटंट त्याला १८४३ मध्ये मिळाले. त्याआधी लुइझियानाच्या मळ्यांवर गुलाम माणसे उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत, भाजून निघत, आणि भट्ट्यांत अफाट लाकूड जळे. यातून मला एक महत्त्वाची गोष्ट दिसते. १८४३ पूर्वी ते लाकूड जाळणे उद्योगी हिंसेत मोडत होते असे एखादा म्हणू शकला असता. मार्ग माहीत झाल्यावर त्याच जाळण्याचा बराचसा भाग अनर्थदंड ठरला. म्हणजे आवश्यक आणि अनावश्यक यांच्यातली रेषा कायमची आखलेली नसते. ज्ञान वाढते तशी ती सरकते, आणि तिच्याबरोबर कर्तव्यही सरकते. म्हणूनच ‘आमच्याकडे पहिल्यापासून असेच चालते’ हे उत्तर नैतिकदृष्ट्या अपुरे आहे. बिघडून उघडा राहिलेला स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त तिचे पाणी बाहेर सोडणारी झडप), आच्छादन गळून पडलेला वाफेचा नळ, गटारात सोडलेले गरम कंडेन्सेट (वाफ निवून झालेले पाणी), ऊस वेळेवर न आल्याने गाळप थांबलेले असताना नुसता तापत ठेवलेला बॉयलर, यांतून कोणाच्याही तोंडी साखरेचा एक कणही जास्त पडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की साखर कारखाना कोळसा नव्हे, उसाचे चिपाड जाळतो. वर्ष-दीड वर्षात उसाने हवेतून घेतलेला कार्बनच परत जातो, मग काटकसर कशाला? कार्बनचा हा हिशेब बरोबर आहे, पण तो कारखान्याच्या कुंपणापाशीच थांबतो. वाचलेल्या चिपाडापासून वीज करता येते, आणि महाराष्ट्राची वीज मुख्यतः कोळशावर होत असल्याने त्या विजेइतका कोळसा वाचू शकतो. चिपाडाचा कागदही होतो. वाया गेलेल्या चिपाडाची हानी नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या चिमणीतून बाहेर पडते. जिथे बॉयलरमध्ये थेट कोळसा किंवा फर्नेस ऑइल जळते, अशा दूध भुकटीच्या कारखान्याला तर ही सबबही नाही. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. तेही असेच उडवावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जळण वाचवणे फायद्याचेच असते, मग त्यात धर्म कसला? शिवाय विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवले होते, की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली तसा इंग्लंडचा कोळशाचा एकूण वापर वाढतच गेला. बचतीने स्वस्ताई येते आणि स्वस्ताईने उपभोग वाढतो. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे : कृतीतून लाभ झाला म्हणून तिचे कर्तव्यपण संपत नाही, आणि लाभ नगण्य असतानाही गळती बुजवली जाते का, यावर खरी परीक्षा होते. दुसरा भाग मात्र मला मान्य करावा लागतो. कार्यक्षमता एकटी पुरत नाही. पण समंतभद्रांनीही अनर्थदंडविरतीचे व्रत एकटे सांगितलेले नाही. त्याच गटात त्यांनी भोगोपभोगपरिमाण, म्हणजे उपभोगाला स्वतःहून मर्यादा घालण्याचे व्रत ठेवले आहे. पहिले व्रत बनवणाऱ्याचा हात आवरते, दुसरे खाणाऱ्याचा. जेव्हन्सने दाखवलेली अडचण या जोडीतला एक दुवा सुटल्यामुळे उद्भवते. तेव्हा साखरेच्या किलोमागे जळण कमी करणे ही कारखान्याची जबाबदारी, आणि किती किलो साखर लागते हे विचारणे ही आपली.

झाडे लावून किंवा पैसे भरून उत्सर्जनाची भरपाई करण्याचा मार्गही सुचवला जातो. स्मृतींनी त्या पाच हिंसास्थानांसाठी रोजचे पाच यज्ञ सांगितले, तेव्हा प्रायश्चित्ताला जागा आहेच. पण ती टळत नाही अशा हानीसाठी आहे. टाळता येणारी गळती चालू ठेवून घेतलेले प्रायश्चित्त म्हणजे आधीच काढलेला परवाना. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी अनर्थ थांबवावा, मग आवश्यक जाळणेही शक्य तितके कमी करावे, आणि उरलेल्याचीच भरपाई करावी. सहकारी साखर कारखान्याचे मालक शेतकरी सभासदच असतात. वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर त्यांनी हेही विचारावे : यंदा टनामागे किती वाफ लागली, आणि तिच्यातली किती लागायलाच हवी होती? हा प्रश्न इंजिनिअरचा आहे तितकाच धर्माचाही आहे.