बटाट्याच्या भावात रताळी

आषाढीच्या आदल्या दिवशी, 5 जुलै 2025 च्या शनिवारी, लेस्टरमधल्या आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटात मी रताळी बटाट्याच्या भावात घेतली. घासाघीस केली नाही. घासाघीस करायला तिथं समोर माणूसच नसतो. सेल्फ चेकआउटच्या काचेवर रताळ्यांची पिशवी ठेवली, पडद्यावर भाज्यांची चित्रं आली आणि मी बटाट्याच्या चित्रावर बोट टेकवलं. वजन उमटलं 1 किलो 340 ग्रॅम. त्या दिवशी सुटे बटाटे 85 पेन्स किलो होते, रताळी 1 पौंड 30 पेन्स. वाचले 60 पेन्स. आपले सत्तरेक रुपये.

पहिल्यांदा चुकून झालं, असं लिहायला मी बसलो होतो. ते खरं आहे, पण अर्धंच. मे महिन्यात एका संध्याकाळी घाईत बोट खरोखरच चुकलं. लक्षात आलं तेव्हा ओळ खोडायची तर मदतनीस बाईंना बोलवावं लागणार होतं आणि मागं रांग होती, म्हणून तसंच रेटलं. गाडीपर्यंत जाताना मन जरा खात होतं. गाडी सुरू केल्यावर खायचं थांबलं. पुढच्या खेपेला बोट चुकलं नव्हतं. त्यानंतर चार-पाच वेळा तरी हेच केलं, एकदा आलं कांद्याच्या भावात तोललं. माझी नोकरी बरी आहे, घराचे हप्ते फिटत आलेत, 60 पेन्सांवाचून माझं काहीही अडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर पुढं कुठंतरी महागाईचं नाव घेऊन मी सुटायचा प्रयत्न करीन.

सेल्फ चेकआउटच्या यंत्राला दोन तराजू असतात. एक काचेखाली, सुटा माल तोलायला. दुसरा बाजूला, जिथं आपण तोललेल्या वस्तू पिशवीत टाकतो. बारकोडवाली वस्तू स्कॅन केली की तिचं वजन किती असायला हवं हे यंत्राला ठाऊक असतं. दुसऱ्या तराजूवर तेवढं भरलं नाही की ते अडतं आणि दिवा लावतं. पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे, असं ठणकावणारा तो बाईचा आवाज इंग्लंडात इतका कुप्रसिद्ध झाला की टेस्कोनं 2015 मध्ये ते वाक्यच बदललं. पण सुट्या मालापुढं हा पहारा लुळा पडतो. रताळी 1 किलो 340 ग्रॅमची, बटाटे म्हणून नोंदली तरी 1 किलो 340 ग्रॅमचीच. दोन्ही तराजू एकमेकांना दुजोरा देतात. वजन खरं, नाव तेवढं खोटं.

सांगली भागात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तराजूपाशी केलेल्या लबाडीला आमच्याकडं काटा मारणं म्हणतात. आमचा चार एकर ऊस होता. तोड झाली की ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर जायचं, तिथं वजनकाट्यावर गाडी उभी करायची आणि चिठ्ठीवर येईल ते वजन मुकाट घ्यायचं. आण्णांना, म्हणजे वडिलांना, त्या चिठ्ठीवर कधी विश्वास वाटला नाही. एका हंगामात त्यांनी भरलेली गाडी आधी रस्त्यावरच्या खासगी काट्यावर नेली, मग कारखान्यात. दोन चिठ्ठ्यांत दीड टनाचा फरक. त्या दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी पंचांगात जपून ठेवल्या होत्या, घरी कुणी आलं की काढून दाखवायचे. तक्रार करायला गेले तेव्हा, बाहेर तोललेला ऊस पुढच्या वेळी घेणार नाही, असं त्यांना ऐकवण्यात आलं. काटामारीविरुद्ध निघालेल्या मोर्च्यांना ते जायचे, घसा बसवून परत यायचे. आमच्या घरात दारू पिणाऱ्याला शिवी नव्हती, कर्ज बुडवणाऱ्याला नव्हती. काटा मारणाऱ्याला होती. मापात पाप करणारा कुठल्या नरकात जातो याची तपशीलवार माहिती मला दहाव्या वर्षीच होती.

मोठेपणी मी या सगळ्याचा अर्थ असा लावून घेतला होता की काटा मारतो तो बलवान, मारला जातो तो शेतकरी. आपण मारल्या जाणाऱ्यांच्या बाजूचे. आयुष्यात तराजू कधी माझ्या हातात नव्हताच, त्यामुळं हा समज तपासायची वेळ आली नाही. पन्नाशीत एका दुकानानं तो माझ्या हातात दिला आणि मी काटा मारला.

अर्थात मनात वकील बसलेलाच असतो, आणि माझा वकील तयारीचा निघाला. त्याचं म्हणणं असं. या दुकानाची रया गेली आहे. जाळीतल्या कांद्यांत एक तरी सडका. कोथिंबीर घरी आणेपर्यंत काळी. बिस्किटांचा पुडा तेवढाच दिसतो, आत दोन कमी. एकाच वस्तूला दोन भाव, कार्डवाल्याला एक आणि बिनकार्डवाल्याला दुसरा. लोण्याच्या डबीलासुद्धा चोरीविरोधी टॅग. बाहेर पडताना पावतीचा बारकोड दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही, म्हणजे पैसे भरूनही आपण संशयितच. शिवाय तोलायचं मी, भरायचं मी, अडलं तर माफी मागितल्यासारखा उभा राहायचं मी. गल्ल्यावरच्या माणसाचं काम फुकट करतो, तर 60 पेन्स ही मजुरी समजा.

यातली एकेक तक्रार खरी आहे, आणि म्हणूनच हा वकील धोक्याचा. सडक्या कांद्याचा राग मी काढला कुणावर? कांद्याची जाळी मी एकदाही परत नेली नाही. ग्राहक सेवेचं टेबल दारातच आहे, पैसे परत देतात. तिथं जायला दहा मिनिटं लागतात आणि तोंड उघडावं लागतं. बोटानं काम भागत असताना तोंड कशाला उघडा?

क्रिमिनॉलॉजीच्या अभ्यासक एमेलिन टेलर यांनी 2016 मध्ये माझ्यासारख्यांवरच एक निबंध लिहिला आहे. दिसायला सज्जन, एरवी कुणाच्या वस्तूला हात न लावणारी, पण या यंत्रांपाशी नेमानं उचलेगिरी करणारी गिऱ्हाइकं, असा एक वर्गच त्यांनी मांडला. ऑस्ट्रेलियातल्या एका सुपरमार्केटात म्हणे जेवढी गाजरं आली होती त्यापेक्षा जास्त विकली गेली, कारण लोक महाग भाज्या गाजरं म्हणून तोलत होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनापासून हसलो होतो. माझ्या दुकानाच्या हिशेबात बटाटे वाढत असतील आणि रताळी कमी पडत असतील, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आमच्याच लेस्टर विद्यापीठातले एड्रियन बेक हे दुकानांतल्या घटीचा अभ्यास करण्यात जगभर नाव मिळवलेले गृहस्थ. त्यांनी दुकानदारांना बजावलं होतं की एरवी चोरीचा विचारही न करणाऱ्या माणसाला ही व्यवस्था मोहात पाडते. म्हणजे दुकानाकडंही दोष जातो. जातो तेवढा जाऊ दे. माझ्या वाटणीचा त्यामुळं कमी होत नाही, एवढं तरी मला एव्हाना कळायला हवं.

आता खरं अवघड कलम.

नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर इंग्लंडातल्या बूथ्स या 28 दुकानांच्या साखळीनं दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडून ही यंत्रं काढत असल्याचं जाहीर केलं. ती बातमी मी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. वर चार ओळी लिहिल्या: माणसं हवीत, नोकऱ्या हव्यात, एकट्या म्हाताऱ्यांना दिवसभरात बोलायला गल्ल्यावरची एक बाई तरी हवी. नेदरलँड्समधल्या युम्बो या साखळीनं 2019 पासून निवांत गप्पा मारणाऱ्यांसाठी वेगळा गल्ला सुरू केला, त्याचाही दाखला दिला. बरेच अंगठे आले. त्याच संध्याकाळी दूध आणायला गेलो. दोन गल्ले उघडे होते, एकावर तर रांगही नव्हती, तिथली मुलगी माझ्याकडं बघून हसली. मी यंत्राकडं वळलो.

मला कुणाशी बोलायचं नव्हतं. 'कसे आहात'ला 'बरा आहे' म्हणायचं नव्हतं, माझ्या टोपलीतल्या पिवळ्या स्टिकरच्या उतरलेल्या भावाच्या वस्तू कुणी हाताळायला नको होत्या. मेम्फिसला 1916 मध्ये क्लॅरन्स सॉन्डर्सनं पिगली विगली काढलं आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा स्वतःच्या हातानं फळीवरून माल घ्यायला लागलं, त्याआधी दुकानदार काढून द्यायचा. त्या बदलातली एक मोकळीक अशीही असणार, की आपण काय घेतो ते निदान फळीपाशी कुणी बघत नाही. 1992 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका दुकानात सेल्फ चेकआउट आलं आणि गल्ल्यापाशीही बघणारं राहिलं नाही. मला हीच मोकळीक हवी होती आणि आजही हवी असते. दुकानांनी माणसं काढली, असं मी म्हणतो. रोज दुधाच्या बाटलीबरोबर मीही त्याच बाजूनं मत देत आलो.

आणि त्या मोकळिकीतच रताळ्यांचे बटाटे झाले. हसणाऱ्या त्या मुलीसमोर ते मला जमलं नसतं.

त्या शनिवारी मात्र माणूस आलंच. आईच्या गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल घेतली होती. ती स्कॅन केली की वयाची खात्री करायला दुकानाचं माणूस यावं लागतं. डोक्यावरचा लाल दिवा लागला. आठ यंत्रांवर मिळून एक बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, दुकानाचा जांभळा शर्ट, कपाळावर बारीक टिकली, गळ्यातल्या पट्ट्याला कार्ड. दोन यंत्रांपलीकडं एक पोरगा बियरसाठी ओळखपत्र मागितलं म्हणून त्यांच्यावर ओरडत होता. त्याला तसाच सोडून त्या माझ्याकडं आल्या. पडद्यावर यादी होती. दूध, दही, मग 'लूज व्हाइट पोटॅटोज', मग पॅरासिटामॉल. बाजूच्या पिशवीतून रताळी दिसत होती, गुलाबी, धुतल्यासारखी स्वच्छ. त्यांनी पडद्याकडं बघितलं. मग पिशवीकडं. मग माझ्याकडं.

"काले अगियारस छे ने?" त्या म्हणाल्या.

लेस्टरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कामापुरतं गुजराती येतं. "हा," म्हटलं, "मम्मी आवी छे."

त्यांनी कार्ड टेकवलं, दिवा हिरवा झाला, "जय श्रीकृष्ण" म्हणून त्या पुन्हा त्या पोराची बोलणी खायला गेल्या.

त्यांनी ती ओळ वाचली की नाही, मला माहीत नाही. वाचली असेल तर एका उपवासाच्या नावाखाली त्यांनी मला सोडलं. उद्या चौकशी झाली तर तिथं उभं राहण्याची पाळी त्यांची, माझी नव्हे. इथं तासाच्या पगारावर राबणाऱ्या बाईचं अर्ध्या तासाचं मोलसुद्धा माझ्या 60 पेन्सांपेक्षा बरंच जास्त आहे. एवढा सगळा वेळ मी ज्याला लुटतोय असं समजत होतो तो 'दुकान' नावाचा कुणीतरी बिनचेहऱ्याचा धनी होता. लाल दिव्याखाली पहिल्यांदा त्याला चेहरा आला, तोही चुकीचा. धन्याचा नव्हता.

घरी आलो. आईनं टेबलावर एकेक जिन्नस काढला. इथं आल्यापासून तिचा तो रोजचा खेळ, प्रत्येक वस्तूची किंमत विचारायची आणि रुपयांत करून हळहळायचं. रताळी हातात घेऊन तिनं दाबून पाहिली.

"बरी हायती. किलो कशी रं?"

पावती माझ्या हातात होती. मी पावतीवरचा भाव वाचला.

"बटाट्याच्या भावात रताळी?" ती खूश झाली. "स्वस्ताई हाय की तुमच्याकडं. आन् काटाबी चोख असंल इथला."

दुसऱ्या दिवशी तिनं रताळ्याचा कीस केला, शेंगदाण्याचं कूट, जिरं-मिरची घालून. विठ्ठलाच्या तसबिरीपुढं आधी वाटी ठेवली, मग मला दिली. मी खाल्ला. चव चांगली होती. घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही, तसं लिहिलं तर तीही लबाडीच.

त्यानंतर एक युक्ती डोक्यात आली होती. एकदा बटाटे रताळ्यांच्या भावात तोलायचे, म्हणजे फिटंफाट. पुन्हा वजन खरं आणि नाव खोटंच, शिवाय त्या बाईंना काहीच न सांगता. ती सोडून दिली. ग्राहक सेवेच्या टेबलापर्यंत एकदा गेलो, पुढं दोघं होते, परत फिरलो. सध्या माणसाच्या गल्ल्यावर जातो. हा काही पराक्रम नाही, जिथं मोह होतो तिथं उभं राहत नाही, इतकंच. रांग लांब असली की पाय अजून यंत्रांकडं वळतात.

आई नोव्हेंबरात गावी परत गेली. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ती चाळशी लावूनही आता बारीक अक्षर वाचू शकत नाही, पण हा अंक आमच्या घरी येतो आणि धाकटा भाऊ तिला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो.