रद्दीच्या भावात सुपरमॅन

सुपरमॅन डीसीचा, स्पायडरमॅन मार्व्हलचा. त्यांना एकमेकांना भेटायचं तर आधी दोन कंपन्यांच्या वकिलांना भेटावं लागतं. म्हणून अशा भेटी मोजक्या. पहिली मोठी भेट १९७६ ची: गेरी कॉनवेची कथा, रॉस अँड्रूची चित्रं, नेहमीच्या कॉमिकपेक्षा बराच मोठा आकार, किंमत दोन डॉलर. १९८१ मध्ये दोघं पुन्हा भेटले, त्याच वर्षी बॅटमॅन आणि हल्क भेटले, १९८२ मध्ये एक्स-मेन आणि टीन टायटन्स. मग जस्टिस लीग आणि अ‍ॅव्हेंजर्सची भेट ठरली. जॉर्ज पेरेझने १९८३ मध्ये पानं काढायलाही घेतली आणि कंपन्यांचं बिनसलं. ती भेट वाचकांच्या हातात पडायला २००३ उजाडलं. वीस वर्षं. आपल्याकडे भावाभावांत जमिनीची वाटणी व्हायला लागतात तेवढीच.

मालक एकच असला की हे सगळं सोपं होतं. आपल्या आधीच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचलेले फँटम आणि मँड्रेक दोघंही ली फॉकचे. त्यामुळे १९७७ मध्ये फँटमचं लग्न झालं तेव्हा मँड्रेक आणि लोथार आरामात लग्नाला हजर. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव दोघं राज कॉमिक्सचे, तेही मनसोक्त भेटले.

मी डीसी-मार्व्हलच्या त्या अवघड भेटी शोधतो. किंग्ज सर्कलचा फुटपाथ झाला, फोर्टातले उरलेसुरले पुस्तकवाले झाले, पण माझी खरी भिस्त नवीन पनवेलमधल्या रद्दीच्या दुकानांवर. सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जायला लागल्यात, लोक माळे रिकामे करतात. आणि या भागात कुणाचे तरी काका, कुणाचे वडील बोटीवर नोकरीला होतेच. ते परदेशातल्या बंदरांतून पोरांसाठी चॉकलेटं आणायचे, कधी कॉमिक्सही. पोरं मोठी झाली, गठ्ठा माळ्यावर राहिला.

गेल्या मे महिन्यात असाच एक गठ्ठा सुटलेला सापडला. वर ‘गृहशोभिका’, मध्ये दहावीची गाइडं, आणि खाली तो मोठा आकार. १९७६ चा. मुखपृष्ठाचा कोपरा वाळवीने खाल्लेला, बाकी पानं शाबूत. काका म्हणाले, “जुनं इंग्लिश आहे, पन्नास दे.”

अशा वेळी गप्प बसण्याला कायद्याची काहीच हरकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७: बोलणं हे तुमचं कर्तव्य नसेल, तर नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. तिथलं एक उदाहरण तर जवळजवळ माझंच आहे. दोन व्यापाऱ्यांत सौदा होतोय, एकाला भाव बदलल्याची खासगी खबर आहे, ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही.

हा वाद कायद्याच्या कितीतरी आधीचा. सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी एक कोडं मांडलं. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजं येतायत हे फक्त त्याला माहीत आहे. सांगावं, की चढ्या भावाने विकून मोकळं व्हावं? डायोजिनिस म्हणतो, खोटं बोलू नकोस एवढं पुरे. अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. पण मला जास्त आवडतो तो याच पुस्तकातला स्केव्होला. त्याला शेत विकत घ्यायचं होतं. तो विक्रेत्याला म्हणाला, शेवटची किंमत सांग. विक्रेत्याने सांगितली. स्केव्होला म्हणाला, याची किंमत याहून जास्त आहे, आणि लाखभर सेस्टर्स वर दिले. लोकांचं मत पडलं की माणूस सज्जन, पण शहाणा नव्हे. सिसेरोला ही फारकतच मान्य नाही.

आता यावर कुणी म्हणेल, ज्ञान ही माझी कमाई आहे. मी वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, मुखपृष्ठं पाठ केली, त्याचा मोबदला घेतला तर बिघडलं कुठे? मुद्दा खोटा नाही. पण काकांनीही वर्षानुवर्षं धूळ खाल्लीय, माझ्यापेक्षा जास्तच. फरक एवढाच की मी खाल्लेल्या धुळीला बाजारात भाव आहे.

१९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. एकूण चेक ४१२ डॉलरचा होता, त्यात इतर कामांचे पैसेही होते. (२०१२ मध्ये नुसता तो कागद लिलावात १,६०,००० डॉलरला गेला.) ही गोष्ट नेहमी लुटीची म्हणून सांगतात. पण त्या दिवशी सुपरमॅन किती मोठा होणार हे विकत घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दोघंही अंधारात होते. लाज वाटायला हवी ती पुढची, सगळं कळल्यावर ताणून धरलेल्या वर्षांची. १९७५ च्या अखेरीस कुठे त्या दोघांना वर्षाला २०,००० डॉलर आणि कॉमिकवर नाव मिळालं. नेमकी पुढच्याच वर्षी स्पायडरमॅनची ती भेट आली. रद्दीच्या दुकानात मी अंधारात नव्हतो.

म्हणून सांगितलं. “काका, हे हजारांत जाईल. मी दोन हजार देतो.”

काकांनी आधी पुस्तकाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “फाटलंय की रे हे. व्हिडिओ-बिडिओ काढतोयस का?”

पैसे घेतले. मग मी विचारलं, ज्यांच्या घरून गठ्ठा आला त्यांना यातलं काही द्याल का? काका म्हणाले, “त्यांनी वजन बघून दिलं, मी वजन बघून घेतलं. रोज शंभर किलो येतं. प्रत्येक पान वाचत बसलो तर दुकान कोण चालवेल?” याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. अज्ञान ही त्यांची अडचण नव्हे, ती त्यांच्या धंद्याची अट आहे. काट्याला फक्त वजन कळतं म्हणून तर रद्दी चालते.

महिनाभराने दुकानात वेगळी फळी दिसली. जुनी इंग्लिश पुस्तकं आणि झाडून सगळी कॉमिक्स, सरसकट दोनशे रुपये. शेजारच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा दहा रुपयांना ‘टिंकल’ न्यायचा. त्याने एक अंक उचलला, किंमत ऐकली, नीट परत ठेवला आणि गेला.

मी गप्प राहिलो असतो तर त्याला टिंकल दहालाच मिळत राहिला असता, हे खरं. पण गप्प राहण्याचा खरा फायदा त्याच्या खिशात गेला नसता, माझ्या गेला असता. त्याच्या नावाने मी माझी गप्पी धुवून घेऊ शकत नाही. दुसरीकडे, मी सांगितलं ते अर्धंच होतं. ‘जुनं महाग असतं’ एवढंच काकांपर्यंत पोहोचलं. पंधरा वर्षांपूर्वीचा टिंकल दुर्मीळ नसतो, हे कोण सांगणार? खरं बोलण्याचं काम एका वाक्यात उरकत नाही, त्यामागून बराच खुलासा करत फिरावं लागतं.

तो केला. काका म्हणाले, “मग तूच येत जा रविवारी, लाव भाव.” तेव्हापासून जातो. टिंकल दहावर आलाय, मुलगा परत दिसतो. गेल्या रविवारी काकांनी एक ओलसर गठ्ठा पुढे केला. त्यात बॅटमॅन आणि हल्क, १९८१, कोपरेसुद्धा सरळ. हे मी सहा वर्षं शोधतोय.

“हे कितीचं?” काकांनी विचारलं.

स्केव्होलाचं बरं होतं, त्याच्या विक्रेत्याने निदान आधी एक आकडा तरी सांगितला होता. इथे भाव लावणाराही मी, घेणाराही मी, आणि काका पेन उघडून माझ्या तोंडाकडे बघत होते.