मानेतला नकार

श्टुटगार्टलगतच्या गेर्लिंगेन गावातील कर्णबधिर नागरिक कचेरीत ज्या भाषेत आपले म्हणणे मांडू शकतो, ती जर्मन सांकेतिक भाषा २००२ च्या कायद्याने स्वतंत्र भाषा म्हणून मान्य झाली आहे. परंतु तिच्यातील नकार मुख्यतः मानेत असल्यामुळे केवळ हातांच्या खुणा टिपणाऱ्या लेखनिकाच्या कागदावर वाक्याचा अर्थ उलटा उतरू शकतो. म्हणून नकारासाठी हाताची खूण सक्तीची करावी काय, असा पेच उभा राहतो.

पूर्वपक्षी: ‘आई फूल विकत घेते’ आणि ‘आई फूल विकत घेत नाही’ ही दोन्ही वाक्ये आई, फूल, घेणे या त्याच तीन खुणांनी होतात, दुसऱ्यात शेवटच्या खुणेबरोबर मान डावी-उजवीकडे हलते, एवढाच फरक. बोलणारा जर्मन माणूसही नकार देताना मान हलवतो, तेव्हा हा अंगविक्षेप झाला, व्याकरण नव्हे. क्रियापदामागून येणारी ‘नाही’ची हाताची खूण त्या भाषेत उपलब्ध असताना, करार किंवा साक्ष अंगविक्षेपावर सोडणे अन्यायाचे आहे.

सिद्धान्ती: बोलणाऱ्याची मान हलली नाही, तरी त्याचे नकारार्थी वाक्य नकारार्थीच राहते. जर्मन सांकेतिक भाषेत मात्र, भाषाशास्त्रज्ञ रोलंड प्फाउ यांच्या विवेचनानुसार, हाताची ‘नाही’ गाळली तरी चालते, मान गाळून चालत नाही. इतकेच नव्हे, तर केवळ ‘नाही’च्या खुणेपुरती मान हलवून क्रियापदावर ती स्थिर ठेवली, तर वाक्य अशुद्ध ठरते. इटालियन सांकेतिक भाषेत याच्या उलट, हाताची खूण आवश्यक असते. इटालियन आणि जर्मन माणसांच्या माना सारख्याच असल्याने, हा भेद शरीराचा नसून नियमांचा, म्हणजेच व्याकरणाचा आहे.

पूर्वपक्षी: व्याकरण मान्य केले तरी संदिग्धता उरते. आपल्या शास्त्रकारांनी क्रियेचा निषेध करणारा प्रसज्यप्रतिषेध आणि एखादे पद वगळून त्याहून वेगळे सुचवणारा पर्युदास असे नकाराचे दोन प्रकार मानले. हलत्या मानेने नेमके काय नाकारले, हे लेखनिकाने कसे ओळखावे?

सिद्धान्ती: ‘आई बाजारातून फुले आणत नाही’ या लिहिलेल्या मराठी वाक्यातही बाजार नाकारला, फुले नाकारली की आणणे, हे संदर्भावाचून ठरत नाही, तरी त्यासाठी मराठीला कोणी नवे व्याकरण सुचवत नाही. १७७८ मध्ये लाइपझिगला कर्णबधिरांसाठी शाळा काढणाऱ्या झामुएल हाइनिके यांनी खुणांऐवजी बोलण्यावर भर देणाऱ्या मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला आणि १८८० च्या मिलान परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात तीच श्रेष्ठ ठरवली, तेव्हापासून ऐकणाऱ्यांच्या सोयीचा भार कर्णबधिरांनीच वाहिला आहे. ही सक्ती, हेतू कितीही चांगला असला, तरी त्याच ओझ्यात भर घालणारी आहे. याउलट, गेर्लिंगेनलाच १८२० मध्ये जन्मलेल्या मिशनरी योहानेस रेबमान यांनी पूर्व आफ्रिकेतील भाषांचे कोश रचले, तेव्हा परकी भाषा शिकण्याचे कष्ट कोशकारानेच घेतले होते.

पूर्वपक्षी: आणि लेखनिकाला ती भाषा येतच नसेल तर?

सिद्धान्ती: तर दुभाषी बोलवावा, चित्रफीत ठेवावी आणि शंका आल्यास खुणा करणाऱ्यालाच पुन्हा विचारावे, उत्तरात हाताची ‘नाही’ जोडायची की नाही, हे त्याने ठरवावे. सांकेतिक भाषेचे अभ्यासक लेखनात खुणांच्या शब्दांवर रेघ ओढून मान कोठून कोठवर हलली ते दाखवतात. ती रेघ किंवा तिच्या जागी तेवढीच स्पष्ट नोंद ज्या कागदावर नाही, तो पुरावा म्हणून स्वीकारू नये.